काळ्या द्राक्षांचा रंग

द्राक्षांच्या सीझनमध्ये द्वारकेच्या चौकात गाडी अडकली की (आणि ती अडकतेच!) हातगाडीवाला हमखास म्हणतो, "साहेब, काळी घ्या. अँटीऑक्सिडंट असतं." आता बोला. हा शब्द आम्ही इंजिनिअरिंगला असताना फक्त क्रीमच्या जाहिरातीत ऐकायचो.

त्याचं अर्धं खरं आहे. काळ्या द्राक्षाचा रंग म्हणजे अँथोसायनिन. पण तो सहसा फक्त सालीत असतो. शरद सीडलेस सोलून बघा, आत हिरवटच निघेल. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं आपण सगळे पातळ सालीचं, बिनबियांचं, गोड द्राक्ष मागत आलो, आणि ही द्रव्यं मुख्यतः साल आणि बियांतच असतात.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांनी याच्या उलट वाट धरली. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून 'मांजरी मेडिका' काढलं. हे कापलं तर आतूनही लालभडक! खास ज्यूससाठीचं वाण.

निफाडचे आमचे मामा सध्या याच्या प्रेमात आहेत. अर्धा एकर लावायचं म्हणतात. तिथपर्यंत ठीक. पण परवा ते बाबांना म्हणाले, "दाजी, याचा ग्लासभर ज्यूस रोज घ्यायचा. औषधच आहे, नावातच मेडिका!" बाबांना बारा वर्षं डायबेटिस. त्यांचे डोळे असे चमकले की मला बोलावंच लागलं. ग्लासभर द्राक्षरसात साधारण तीस ग्रॅम साखर, म्हणजे सहा-सात चमचे. रंग कितीही गडद असो, रक्तातली साखर वाढायची ती वाढणारच.

शिवाय परीक्षानळीतलं अँटीऑक्सिडंट शरीरात तसंच वागत नाही. अँथोसायनिन मुळात फार थोडं शोषलं जातं. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटीऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता केला होता. ते आकडे आरोग्याबद्दल काही सांगत नाहीत म्हणून 2012 मध्ये तो काढून टाकला. फिनलंडमध्ये तर 29 हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. 1994 मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त! अर्थात त्या गोळ्या होत्या, फळं नव्हेत. फळं खाणारे एकूण निरोगी असतात, पण ते या रंगामुळेच का, हे कोणी सिद्ध केलेलं नाही.

म्हणून मला 2017 चं 'सोलापूर लाल' डाळिंब जास्त पटतं. त्यात लोह आणि क जीवनसत्त्व वाढवलंय. लोह कमी पडलं तर रक्ततपासणीत दिसतं. अँथोसायनिन कमी पडल्याचा रिपोर्ट कोणत्या लॅबमध्ये मिळतो?

मामा थोडे नाराज झाले. पण मांडव, रोपं, ठिबक असा खर्च त्यांचा आहे, आणि हे द्राक्ष हातगाडीवर खपणार नाही, ज्यूसवालाच लागणार. म्हणून म्हटलं, लावा खुशाल, पण आधी त्याच्याकडून भाव लिहून घ्या. तो फोन त्यांनी अजून केलेला नाही. बाबा मात्र रोज विचारतात, "अर्धा ग्लास चालेल का रे?"