शब्दाखाली शब्द

एल.सी., म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं दिलेली पैशांची लेखी हमी, आली की मी ती आधी कागदावर छापून घेते. पडद्यावर वाचलेलं माझ्या डोळ्यांत ठरत नाही. मग पट्टी आणि पेन्सिल घेऊन पंचेचाळीस-ए या रकान्याशी येते. बँका स्विफ्टवरून एकमेकींना जो ७०० क्रमांकाचा संदेश पाठवतात, त्यात मालाचं वर्णन या रकान्यात असतं. रक्कम, तारखा, बंदरं यांना वेगळे रकाने आहेत आणि तेही चुकवून चालत नाही. पण माझं वीस वर्षांचं काम प्रामुख्यानं या चार-पाच ओळींभोवती झालं आहे.

आमचा माल म्हणजे सूत. इचलकरंजीच्या आसपासच्या गिरण्यांतून घ्यायचं, न्हावाशेवाहून चितगावला पाठवायचं. आमचे बांगलादेशातले होजिअरीवाले एल.सी.वरच खरेदी करतात. वर्णन साधारण असं येतं : १०० पी.सी.टी. कॉटन कोम्ब्ड रिंग स्पन यार्न, एन.ई. ३०/१, फॉर निटिंग, सी.एफ.आर. चितगाव. टक्क्याचं चिन्ह स्विफ्टच्या जुन्या अक्षरसंचात नव्हतं, म्हणून हे ‘पी.सी.टी.’. सवय अजून टिकून आहे.

नवीन मुलगी कामाला आली की तिला मी ही ओळ उतरवायला देण्याआधी गिरणीत घेऊन जाते. यातला प्रत्येक शब्द तिथं कुठल्या ना कुठल्या यंत्रापाशी उभा असतो. ‘कोम्ब्ड’ म्हणजे आखूड तंतू विंचरून बाहेर काढलेला कापूस. ‘३०’ म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या तीस लडी भरतील इतकं बारीक सूत. ‘फॉर निटिंग’ म्हणजे पीळ थोडा कमी आणि धाग्याला मेण लावलेलं. हेच सूत कुणी ताण्यासाठी मागावर चढवलं तर ते तुटत राहील. पेटीत २४ कोन, प्रत्येक १.८९ किलोचा, एकूण ४५.३६ किलो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो म्हणजे बरोबर १०० पौंड. आपण किलोत लिहितो, सूत अजून पौंडात मोजलं जातं. हे एकदा हातानं चाचपून पाहिलं की इन्व्हॉइस टाइप करताना बोटं आपोआप सावध होतात.

कारण बँक माल बघत नाही. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सनं केलेले नियम, यू.सी.पी. ६००, १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि त्यांचा पाया हाच आहे : बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. कलम १८ सांगतं की इन्व्हॉइसमधलं मालाचं वर्णन एल.सी.तल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. बाकीच्या कागदांना कलम १४ सवलत देतं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या पावतीवर, किंवा पॅकिंग लिस्टवर नुसतं ‘कॉटन यार्न’ लिहिलं तरी चालतं, एल.सी.शी विसंगत नसलं म्हणजे झालं. सगळी कडक शिस्त इन्व्हॉइसच्या वाट्याला आली आहे.

ही सवलत पूर्वी गृहीत धरता येत नव्हती. भुईमुगाचा एक खटला इंग्लंडच्या १९४३ च्या निकालसंग्रहात आहे, रेनर विरुद्ध हॅम्ब्रोज बँक. मी तो पुन्हा पुन्हा काढून वाचते, कारण माल आपल्याकडचा होता. मद्रासहून डेन्मार्कला जाणारे शेंगदाणे. एल.सी.त लिहिलं होतं ‘कोरोमंडल ग्राउंडनट्स’. इन्व्हॉइसवर तेच शब्द होते. बिल ऑफ लेडिंगवर मात्र ‘यंत्रानं सोललेले भुईमुगाचे दाणे’ असं लिहिलेलं. लंडनच्या शेंगदाण्याच्या बाजारात दोन्हींचा अर्थ एकच, हे व्यापाऱ्यांनी साक्षीत सांगितलं. बँकेनं पैसे नाकारले आणि अपील कोर्टानं बँकेची बाजू घेतली. हजार व्यापारांच्या हजार बोली बँकेला ठाऊक असाव्यात अशी अपेक्षा धरता येणार नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. कोरोमंडलच्या शेतात तो दाणा काय होता हे लंडनच्या टेबलावरच्या कारकुनाला कसं कळावं? त्याच्यापुढे दोन कागद होते आणि त्यांवर दोन वेगवेगळी नावं.

तरीही जुळणं म्हणजे आरशातलं प्रतिबिंब नव्हे. बँकांच्या तपासणीची रीत सांगणारी आय.एस.बी.पी. ही पुस्तिका ते स्पष्ट करते. वर्णनाचे तुकडे इन्व्हॉइसवर वेगवेगळ्या जागी असले आणि एकत्र वाचून तोच माल उभा राहिला, तर पुरे. ‘मशीन’च्या स्पेलिंगात एखादं अक्षर चुकलं तर अर्थ बदलत नाही, पण मॉडेल ३२१ ऐवजी १२३ पडलं तर ते वेगळंच मॉडेल. मागितला नव्हता असा माल फुकट दिला तरी इन्व्हॉइसवर दाखवायचा नाही, नमुन्याचा एक कोनसुद्धा नाही. एल.सी.तच स्पेलिंग चुकलेलं असेल तर मी ते तसंच उतरवते. त्यानं कुणाची फसवणूक होत नाही. २०१८ मध्ये बांगलादेशानं चितगावचं इंग्रजी स्पेलिंग बदलून ‘चट्टोग्राम’ केलं, तेव्हापासून एका एल.सी.त जुनं नाव, दुसरीत नवं. मी एल.सी.त जे असेल ते लिहिते.

कठीण प्रसंग येतो तो एल.सी. एक सांगते आणि गोदामातला माल दुसरं, तेव्हा.

२०११ च्या मार्चमध्ये जगभरात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि नंतर कोसळला. चढ्या भावात सौदे केलेले खरेदीदार त्या पावसाळ्यात सुटकेची वाट शोधत होते. आमचा एक कंटेनर, ४०० पेट्या, त्याच दिवसांत निघाला. गिरणीत साधं कोम्ब्ड कमी पडलं, म्हणून त्यांनी त्याच दरात कॉम्पॅक्ट कोम्ब्ड दिलं. कॉम्पॅक्ट म्हणजे कातताना हवेच्या ओढीनं तंतू घट्ट गोळा केलेलं, कमी लवीचं, महाग सूत. चांगला माल दिला, यात कुणाला वावगं वाटलं नाही. पॅकिंग स्लिपवर ‘कॉम्पॅक्ट’ पाहिलं आणि मी इन्व्हॉइसवर तो शब्द घातला, कारण ते खरं होतं. एल.सी.त तो शब्द नव्हता.

तिकडच्या बँकेनं पाच कामकाजी दिवसांच्या मुदतीत कागद नाकारल्याचा संदेश पाठवला. त्यात एकच कारण होतं : वर्णन एल.सी.प्रमाणे नाही. माल चितगावच्या धक्क्यावर, भाडं रोज चढतंय, आणि खरेदीदार किलोमागे सूट मागतोय. शेवटी मालकांनी ती दिली.

आमच्याकडे तेव्हा एक जुने हेडक्लार्क होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी त्यांच्यासमोर रडवेली होऊन बसले होते. ते म्हणाले, “बाळ, तू खोटं लिहिलं नाहीस. पण खरं उशिरा लिहिलंस. ते कंटेनर भरायच्या आधी लिहायचं, आणि इन्व्हॉइसवर नाही, खरेदीदाराला.”

तो शब्द गाळला असता तर पैसे सुखरूप आले असते, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कॉम्पॅक्टही कोम्ब्डच असतं, असं स्वतःला समजावता आलं असतं. पण होजिअरीवाल्यानं ते सूत आधीच्या लॉटमध्ये मिसळलं असतं तर रंगवल्यावर कापडावर पट्टे उमटले असते. एल.सी.शी जुळणारं आणि कोनवरच्या धाग्याशी न जुळणारं इन्व्हॉइस मी आजवर सही करून दिलेलं नाही. दोन्हींशी जुळेना, तर एल.सी. बदलून मागते. अमेंडमेंटला दिवस जातात, बँकेचा खर्च लागतो, मालकांची कुरकूर ऐकावी लागते. ऐकते.

म्हणून माझी पट्टी-पेन्सिल आता माल निघाल्यावर नाही, एल.सी. आली त्याच दुपारी बाहेर निघते. एल.सी. एका बाजूला, सौदा ठरताना दिलेला आमचा प्रोफॉर्मा दुसऱ्या बाजूला. एक जण मोठ्यानं वाचतं, दुसरं बोट ठेवतं. मग उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा शब्द गिळत नाही. मग गिरणीला फोन : कोणता लॉट लावताय?

काल आलेली एल.सी. अजून टेबलावर आहे. प्रोफॉर्मात ‘फॉर निटिंग’ आहे, ढाक्याच्या बँकेनं ‘फॉर वीव्हिंग’ टाइप केलं आहे. त्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ आहे. खरेदीदाराला मेल गेला आहे, आणि गिरणीतल्या दादांना मी सांगितलं आहे की उत्तर येईपर्यंत पेट्या गाडीत चढवू नका.