हलतो तो काळा रंग

एकसष्टी असो की साखरपुडा, स्लाइड शोच्या ऑर्डरीबरोबर एक मागणी ठरलेली: "दादा, बदामात फोटो फिरवा ना." नवा होतो तेव्हा फिरवायचो. बदामाबरोबर आतले आजोबाही गरगर फिरायचे आणि टोपीसकट उलटे व्हायचे. गिऱ्हाईक खूश, म्हणून मीही खूश.

तो बदाम म्हणजे मास्क: नुसती काळी-पांढरी आकृती. पांढऱ्यातून फोटो दिसतो, काळ्यात झाकला जातो, करड्यात अर्धामुर्धा. प्रोशो प्रोड्युसर या माझ्या स्लाइड शोच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्कचा लेयर वर आणि फोटो त्याच्या पोटात. दोघांच्या की-फ्रेम (हालचाल ठरवणाऱ्या खुणा) मात्र वेगळ्या. म्हणजे फोटो जागेवर ठेवून नुसता मास्क सरकवता येतो. एवढी साधी गोष्ट मला दोन सीझन कळली नव्हती. (प्रोशोची कंपनी २०२० मध्ये बंद झाली. मी अजून तेच चालवतो, हात बसलाय.)

मास्क सरकवणं तसं जुनंच. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणला, महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचे, खेळ करू लागले. दिवा, भिंग आणि हाताने रंगवलेल्या काचा. मॅजिक लँटर्नच्या सरकत्या काचांची एक जुनी युक्ती आहे: एका काचेवर एकाच हाताच्या दोन अवस्था रंगवायच्या, दुसरीवर काळा ठिपका. काच सरकवली की एक हात झाकतो, दुसरा उघडतो. प्रेक्षकाला वाटतं हात हलला. हलतो तो काळा रंग.

मास्कची कड कशी असावी हे मात्र मला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांनी शिकवलं. थंडीत सकाळी तिथे तानसा नदीच्या काठी वाफ दाटलेली असते. पायरीवरचा माणूस आधी डोकं, मग खांदा, मग हातातला टॉवेल असा उलगडत येतो. वाफेला कड नसते. तेव्हापासून मास्क भरपूर ब्लर केल्याशिवाय मी वापरत नाही. कात्रीने कापल्यासारखा बदाम लग्नपत्रिकेवर शोभतो.

मागे एका आजींच्या पंचाहत्तरीचं काम आलं. फोटो एकच, ब्लॅक अँड व्हाइट: कुंडाच्या पायऱ्यांवर चौदा माणसं, आजी मागच्या रांगेत, नव्या नवरीच्या पदरात निम्म्या लपलेल्या. नातीला बदाम हवा होता. मी लंबगोल मास्क घेतला. पुढच्या पोरापासून सुरू करून तो एकेका चेहऱ्यावरून नेला. फोटो तसूभर हलवला नाही. आजींपाशी पोहोचताना वेग कमी केला, तिथे दोन सेकंद थांबलो आणि मग सगळा फोटो उघडला. त्या दोन सेकंदांसाठी अख्खी दुपार गेली.

हॉलमध्ये मी लॅपटॉपपाशी उभा. पडद्यावर काळोख, त्यातून उजेडाचा गोळा सरकत होता. पहिल्या रांगेतून आजींचा आवाज येत होता, "हा बंडू... आता आमच्या जाऊबाई येतील... मग भावजी."

मास्क अजून तिथवर पोहोचलाही नव्हता.