कमाटीबागेतली घसरगुंडी

बडोद्याच्या मराठी घरांत ‘सयाजीबाग’ हे नाव फक्त पत्त्यात लिहायचं. बोलताना ती कमाटीबागच. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी ही बाग वसवली आणि आपल्या कित्येक पिढ्यांचे रविवार तिथे गेले. पाहुणे आले की आपण त्यांना फुलांचं घड्याळ, तारांगण आणि संग्रहालयातला देवमाशाचा अवाढव्य सांगाडा दाखवतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र त्यात फार वेळ रस नसतो. त्यांचं विज्ञान जमिनीलगत चालतं.

परवा माझी साडेचार वर्षांची भाची आणि शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा एका झाडाखाली उकिडवे बसले होते. तिथल्या कोरड्या, बारीक मातीत नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे होते. अशा खड्ड्याच्या तळाशी एक किडा दबा धरून असतो. मुंगी काठावर आली की माती तिच्या पायाखालून घसरते, आणि ती वर चढू लागली की किडा खालून माती उडवून तिला पुन्हा पाडतो. कोरड्या मातीचा उतार एका मर्यादेपलीकडे उभा राहत नाही, सगळा डाव तेवढ्यावर. बाकावरच्या एका आजोबांनी हे फार छान समजावलं. पण मुलाला! भाचीला म्हणाले, “बेटा, फ्रॉक मळेल हं.” खड्डा आधी तिनेच शोधला होता.

आजोबा प्रेमळ होते, म्हणून तर हे सहज खपून जातं. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या एका संग्रहालयात आईबाप मुलांशी काय बोलतात हे संशोधकांनी टिपलं होतं. २००१ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासानुसार, विज्ञानाची खेळणी हाताळताना ‘असं का होतं’ हे समजावून सांगण्याची शक्यता मुलांच्या बाबतीत मुलींच्या तिप्पट होती. मुली तिथे गप्प बसल्या होत्या असं नाही, त्याही तीच खेळणी हाताळत होत्या. १९०६ मध्ये ज्या संस्थानाने मुलींसकट सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तिथल्या बागेत आपण अजून फ्रॉकवरच अडलोय, याची मला जरा लाजच वाटली.

आणि फ्रॉक खरंच आडवा येतो, पण मळण्यामुळे नाही. घसरगुंडीवर शेजारचा मुलगा सुर्रकन खाली यायचा आणि भाची मध्येच अडकायची. “घाबरते ती,” कुणीतरी म्हणालं. तिलाही ते पटायला लागलं होतं. मी तिला दोघांचे पाय बघायला सांगितलं. त्याची पँट पुरती लांब. हिच्या घामेजलेल्या उघड्या मांड्या पत्र्याला चिकटत होत्या. तिने थोडा विचार केला, फ्रॉक नीट पायांखाली घेतला आणि बसली. या वेळी ती इतक्या जोरात आली की खाली मातीत आपटली, आणि उठून परत शिडीकडे पळाली.

नंतर तिने मूठभर कोरडी वाळू पत्र्यावर पसरून पाहिली. वेग आणखी वाढला. मग ओली वाळू, ती चिकटली. मुलाने रांग अडवल्याची तक्रार केली, पण दुसऱ्या मिनिटाला तोही वाळू आणायला धावला. सेव-उसळ खाताना दोघांचा वाद चालू होता, की गोणपाटावर बसलं तर काय होईल. येत्या रविवारी गोणपाट न्यायचंय.