चौथी ओळ झाकून वाच

प्रिय भाचीबाई,



तुझं पत्र मिळालं. इंग्रजी कवितेच्या समासात यमकांची एबीबीए ही अक्षरं लिहिताना बीजगणिताचा पेपर सोडवल्यासारखं वाटतं म्हणतेस. मीही बी. ए.ला ती अक्षरं अशीच घोकली. मार्क मिळाले, कविता तेवढी राहून गेली.

तुला नेमलेलं टेनिसनचं ‘इन मेमोरियम’च घे. त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. टेनिसनच्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलं होतं. त्यानंतर सतरा वर्षं टेनिसन हे काव्य लिहीत होता. पुस्तक आलं १८५० मध्ये. एवढ्या मोठ्या काव्यात कडव्याचा साचा मात्र एकच: चार ओळी, ओळीत चार आघात, यमक एबीबीए.

आता कान लाव. तुकोबांच्या अभंगात पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण यमकावाचूनच विसावतो. टेनिसनच्याही मधल्या दोन ओळी अशाच जुळतात. पण त्याची पहिली ओळ जोडीदाराची वाट बघत मागे उभी असते. मध्ये दुसरंच यमक येऊन जातं, आणि चौथी ओळ येईपर्यंत पहिलीचा नाद कानात पुसट झालेला असतो. यमक जुळतं, पण उशिरा, हलकेच. एबीएबी असतं तर एकाआड एक पाऊल टाकत कडवं पुढे गेलं असतं. हे कडवं निघतं आणि निघाल्या जागी परत येतं. घरात कुणी गेल्यावर आपलं मन दुसरं काय करतं?

गंमत म्हणजे हा साचा आपणच काढला असं टेनिसनला वाटत होतं. कवी बेन जॉन्सनने तो दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी वापरला होता, हे त्याला मागाहून कळलं. पण त्यात इतका लांब मुक्काम टेनिसननेच केला.

तू एक कर. कुठलंही कडवं काढ, चौथी ओळ पोस्टकार्डाने झाक आणि वरच्या तीन मोठ्याने म्हण. कान अडखळला की कार्ड उचल. समासातलं शेवटचं ए त्यानंतर लिही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा