मिशन स्ट्रीटचे डोहाळे

१९ सप्टेंबर २०२४, सॅन फ्रान्सिस्को
सूनबाईला फोडणीचा वास अजून सहन होत नाही. पोह्यांना नको, आमटीला नको. हवंय काय, तर बरीटो. चिरंजीव ऑफिसात. पिशवी घेऊन मीच निघालो.

२० सप्टेंबर
अर्धा टाकला. "बाबा, नुसता भात आहे यात." उरलेला मी खाल्ला. खरं बोलत होती. भाताने पोट भरतं, मांसाचा खर्च वाचतो. खानावळवाले सगळीकडचे सारखेच. पुन्हा त्या दुकानात जायचं नाही.

२६ सप्टेंबर
फॉल्सम आणि २० वा रस्ता, कोपऱ्यावर 'एल फारो'. पूर्वी किराणा दुकान होतं. तेव्हाचे मालक फेब्रोनिओ ओंतिवेरोस यांचा दावा असा की शहरातला पहिला बरीटो त्यांनी विकला, १९६१ साली, आजच्याच तारखेला. गिऱ्हाईक अग्निशामक दलाचे लोक.

२९ सप्टेंबर
व्हॅलेन्सिया रस्ता, 'ला कुंब्रे'. पहिला बरीटो यांचाही! १९६९, २९ सप्टेंबर. दोन्ही पक्ष तारखेनिशी हजर. साताऱ्याच्या कोर्टात जन्म गेला माझा, दावे पाहत. दोन्हीकडे खाल्लं. निकाल राखून ठेवला आहे.

१ ऑक्टोबर
बांधणाऱ्याचे हात बघत उभा होतो. मैद्याची हातभर रुंद तोर्तिया वाफेच्या यंत्रात दाबतात, तेव्हा ती दुमडताना फाटत नाही. मग बीन्स, मांस, साल्सा, अव्होकाडो. घाईत असेल तर थर तसेच राहतात, एक घास नुसत्या क्रीमचा येतो. चांगला कारागीर चमच्याने सगळं सरकवून घेतो आणि मग कडा आत मारतो. सगळी मेख त्या दोन सेकंदांत.

३ ऑक्टोबर
'ला ताकेरिया'. १९७३ पासूनचं. हे लोक बरीटोत भात घालतच नाहीत. शिवाय फळ्यावर न लिहिलेलं एक मागायचं असतं: दोरादो. गुंडाळून झालेला बरीटो पुन्हा तव्यावर टाकतात, सगळ्या बाजूंनी सोनेरी होईपर्यंत. आत कार्नितास. डुकराचं मांस चरबीत मंद शिजवलेलं, कडेचे तुकडे खरपूस. घरी पोचेपर्यंत फॉइलच्या वाफेने वरचा पापुद्रा मऊ पडला. तरी सूनबाईने अख्खा संपवला, फॉइल बोटाने पुसून.

५ ऑक्टोबर
उपाय सापडला. फॉइलचं तोंड उघडं ठेवायचं. घरी पोळ्यांच्या तव्यावर दोन मिनिटं, तेल न घालता.

६ ऑक्टोबर
हिचा फोन. "अहो, आठव्या महिन्यात डुक्कर? आणि तुम्ही आणून देता?" मीही खातो हे बोललो नाही.

९ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाईंची ताकीद: चीज पाश्चराइज्ड दुधाचंच, मांस पूर्ण शिजलेलं. आता प्रत्येक काउंटरवर विचारतो. स्पॅनिश येत नाही, खुणा करतो. एक बाई आतून पाकीट आणून दाखवते.

१२ ऑक्टोबर, दसरा
आपटा नाही. 'एल फारोलितो', २४ व्या रस्त्याच्या बार्ट स्टेशनशेजारी. यांचा स्वतःचा फुटबॉल क्लबही आहे. अल पास्तोर घेतलं. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्यांनी शावर्मा नेला, तिथे मेंढी जाऊन डुक्कर आलं, मिरचीचं वाटण आलं. सणाला तिखट झालं.

१७ ऑक्टोबर
सूनबाईचा रक्तदाब १४६/९४. मीठ कमी. चिप्स, साल्सा, बाहेरचं सगळं बंद.
ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

१८ ऑक्टोबर
पुन्हा मोजला. तेवढाच.

२० ऑक्टोबर
पिंटो बीन्स रात्री भिजवले होते. कुकर आयुष्यात पहिल्यांदा लावला. 'ला पाल्मा'मधून मक्याच्या तोर्तिया. बीन्स ठेचले, लिंबू, कांदा, कोथिंबीर, अव्होकाडो. मीठ नाही. मक्याची मोडते, गुंडाळता येत नाही. बरीटो म्हणण्याजोगं काही नव्हतं ते. सूनबाई खात होती आणि हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

२६ ऑक्टोबर
२४ व्या रस्त्यावर जिकडेतिकडे झेंडू. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याची तयारी. फूल मुळात यांच्याच देशातलं, आपल्याकडे नंतर आलं. मी तोरणासाठी घेतला. फुलवालीने विचारलं, फोटो कुणाचा मांडणार? लक्ष्मीचा, म्हटलं. तिने दोन जुड्या जास्त दिल्या.

२९ ऑक्टोबर
पायावर सूज. चिरंजीव कामावर गेला नाही.

१ नोव्हेंबर
रात्री दीडला हॉस्पिटल. तोरण अर्धंच ओवलेलं. हिला कळवलं नाही अजून.

२ नोव्हेंबर
मुलगी. दोन किलो तीनशे. दोघी ठीक.
संध्याकाळी परतताना मिरवणूक आडवी आली. चेहरे रंगवलेली माणसं, मेणबत्त्या, ढोल. बराच वेळ रस्ता ओलांडता येईना. काही घाईही नव्हती.

४ नोव्हेंबर
रक्तदाब उतरला. बेताने काहीही खाऊ दे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं.
हिचा फोन: गुरुवारी पोचते, डिंकाचे लाडू आणतेय, तोवर बाळंतिणीला ते डुक्कर देऊ नका.
चिरंजीव कानाशी: "बाबा, दोन कार्नितास. दोरादो."
तीन आणले.