घमेल्यातला गाळ

आमच्या लहानपणी कृष्णा किती स्वच्छ होती, असं वाईतला माणूस साठी ओलांडली की म्हणतोच. मीही म्हणतो. पण त्याला जोडून ‘तेव्हाची माणसंच वेगळी होती हो’ असं जे वाक्य येतं, ते मला अलीकडे पटत नाही. माणसं तीच होती. घरात नको झालेली वस्तू नदीत सोडून मोकळं व्हायचं, ही सवय माझ्या आजीला होती, आईला होती, आणि तीच आज घाटावर दिसते. आजीच्या हातात सोडायला प्लास्टिक नव्हतं, इतकंच.

आजी काय सोडायची? निर्माल्य: झेंडू, दूर्वा, बेल. पुडाच मुळी केळीच्या पानाचा, वर दोरा. द्रोणातला दिवा. कृष्णाबाईची ओटी भरायची ती सुती खणाने. गणपती शाडूचा, तो दोन दिवसांत विरघळून जायचा. भांडी राखेनं घासलेली, डोकी शिकेकाईनं धुतलेली. किराणा रद्दीच्या पुडीत यायचा आणि पुडीची सुतळीसुद्धा फेकली जात नसे. स्वयंपाकघरात खुंटीला तिचा गुंडा असे आणि तो वाढत जाई. तेलाला बाटली घरून न्यायची, दुधाला चरवी. थोडक्यात, फेकावं असं घरात फार काही येतच नव्हतं, आणि जे फेकलं जाई ते मासे खात किंवा पाणी मुरवून टाकी.

सगळंच काही सोवळं नव्हतं. गावाबाहेर काठाला पहाटे टमरेलं घेऊन बसणारे होते, म्हशी डुंबायच्या, आणि त्याच पाण्यात तुरटी फिरवून ते प्यायलाही नेलं जायचं. गॅस्ट्रोच्या साथी यायच्या. स्मरणरंजनात हा भाग आपण सोयीनं गाळतो.

मात्र घाट धुण्याची आठवण मला अजिबात रंगवावी लागत नाही. पावसाळा उतरला की पायऱ्यांवर गुडघा गुडघा गाळ साचलेला असायचा. वाईला सात घाट, प्रत्येक घाट एकेका आळीचा. माघापासून फाल्गुनापर्यंत कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीनं पुढे सरकतो. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून शिवकाळात कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव चालत आला, अशी परंपरा आहे. तो जवळ आला की आळीतली पोरं फावडी, खराटे आणि घमेली घेऊन उतरायची. साखळी करायची, गाळ हातोहात वर जायचा. कुणाच्या परसातल्या अळूला, कुणाच्या मळ्यात. गाळाला मागणी होती! घमेलं आधी कुणाकडे जाणार यावरून भांडणं व्हायची.

याला स्वयंसेवा वगैरे कुणी म्हणत नसे. आळीचं काम. न आलेल्या पोराच्या दारात जाऊन एखादे काका ओरडायचे, “काय रे, हात मोडलाय का तुझा?” एवढ्यावर तो निघायचा. भक्ती किती होती कोण जाणे, पण शेजारच्या आळीचा घाट आपल्यापेक्षा उजळ दिसता कामा नये ही ईर्ष्या पुष्कळ होती. कामानंतर गूळ-शेंगदाणे. आणि एकदा घासलेला घाट पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकायचा. मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो या टिकण्याचा.

आता रविवारी सकाळी सातला जमायचं असतं. आदल्या रात्री मोबाइलवर निरोप येतो. निवृत्त शिक्षक, बँकेतले दोघं-तिघं, दोन मेडिकलवाले, एनएसएसची पोरं, कधी पुण्याहून माहेरी आलेली एखादी लेक. हातमोजे, गमबूट, खताची रिकामी पोती. घमेली मात्र तीच. या असल्या रविवारांना थोडी प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुंबईतल्या वर्सोव्यानं. अफरोझ शाह या वकिलानं 2015 च्या ऑक्टोबरात तिथला किनारा साफ करायला घेतला, लोक जोडले गेले, पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, आणि 2018 च्या मार्चमध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली. पण तिथंही भरती रोज नवा कचरा आणून टाकतेच. समुद्र काय, नदी काय, काम संपत नाही.

आमच्या घमेल्यात काय येतं ते सांगतो. चहाचे कप, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या. गुटख्याच्या पुड्या, गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. पातळ कॅरीबॅगा; त्यांच्यावर 2018 पासून. सरकारी बंद्यांचा इतिहास शिकायचा असेल तर घाटाच्या शेवटच्या पायरीखाली फावडं मारावं, थरावर थर निघतात. पत्रावळी जाऊन थर्माकोल आला, थर्माकोल जाऊन कागदी द्रोण आले, त्यांना आतून प्लास्टिकचा लेप. भंगारवाला बाटल्या आणि पत्रा हसत घेतो, चकचकीत पाकिटांना हात लावत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचे पापुद्रे असे चिकटलेले असतात की ते वेगळे होत नाहीत. सगळ्यात जड काय असेल, तर ओटीची नायलॉनची पातळं. गाळात रुतलेलं एक पातळ ओढायला तीन माणसं लागतात. पूर येऊन गेल्यावर काठच्या उंबरांच्या फांद्यांवर पिशव्या लटकतात. पाणी किती चढलं होतं ते मोजायला दुसरी पट्टी लागत नाही.

नदीही तीच राहिलेली नाही. वर धोमचं धरण झालं, पाणी आता दारांतून मोजून येतं. एरवी डोहात ते संथ पडून राहतं आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यावर पसरते. इथं आमच्या रविवारांची हद्द संपते. फोटोत दिसतो तो कचरा आम्ही उचलतो; नाल्यातून उतरतं ते फोटोत येत नाही, पोत्यात भरता येत नाही, आणि त्यासाठी अर्ज-विनंत्या करायला जायचं ठरलं की सकाळची निम्मी गर्दी गायब होते. माझा राग त्या निम्म्यांवर आहे. खराटा धरायला उत्साह लागतो, कचेरीच्या बाकावर बसायला चिकाटी लागते, आणि ती आमच्यात कमी आहे.

काही बदललंच नाही, असं मात्र नाही. नव्वदच्या दशकात साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते मूर्ती नि निर्माल्य दान करा म्हणत विसर्जनाला उभे राहायचे, तेव्हा त्यांना काय काय ऐकावं लागलं! आता गावोगावच्या नगरपालिकाच विसर्जनाचे हौद मांडतात, आणि त्यात मूर्ती बुडवताना ‘पुढच्या वर्षी लवकर या’चा आवाज तेवढाच मोठा असतो.

सध्या आमचा पेच वेगळाच आहे. देवांच्या जुन्या तसबिरी. घर रंगवलं, वडील गेले, फ्लॅटमध्ये राहायला गेले, की त्या गुपचूप घाटावर येतात, कधी पिंपळाखाली, कधी थेट पाण्यात. फुटलेल्या काचेनं एका पोराचा तळवा कापला. परवा एक मावशी ऐन सफाईच्या वेळीच पिशवीतून तीन तसबिरी घेऊन आल्या. मी म्हटलं, “मावशी, नदीत नको.” त्या म्हणाल्या, “मग काय देव उकिरड्यावर टाकू होय?” उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी आमच्यातल्या एका निवृत्त सुतारमामांनी पिशवी स्वतःकडे घेतली. काच वेगळी करू, चौकटीचं लाकूड शाळेच्या हस्तकलेला देऊ, कागद भिजवून लगदा करू आणि झाडाच्या आळ्यात घालू, असं त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. मावशींनी विचारलं, “हात जोडून कराल ना?” मामा म्हणाले, “आधी हात जोडतो, मग खिळे काढतो.” त्यावर मावशींनी घरी आणखी दोन असल्याचं कबूल केलं. तेव्हा पुढच्या रविवारी पक्कड आणि पेचकस आणायची जबाबदारी माझ्याकडे आहे.