जर्मन वाद्यमेळ आणि घरची सनई

विद्यार्थिमित्रहो, परदेशांतील एका धांगडधिंग्याविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहावें यांत औचित्य तें काय, असा प्रश्न तुमच्या वडीलधाऱ्यांच्या मनांत येईल. तो आमच्याही मनांत आला होता. परंतु या धांगडधिंग्यानें आमचा एक जुना अपराध आमच्यापुढें आणून उभा केला, म्हणून लिहितों.

नोकरीनिमित्त आम्ही कांहीं काळ जर्मनींत श्टुटगार्ट शहरीं राहत होतों. जवळच नेकार नदीच्या कांठीं एस्लिंगेन नांवाचें जुनें गांव आहे. तेथें नाताळापूर्वीं मध्ययुगीन थाटाचा बाजार भरतो. त्या कडाक्याच्या थंडींत एक गडी मशकेचें वाद्य काखेंत धरून वाजवीत उभा होता. पिशवींत तोंडानें हवा भरावयाची आणि कोपरानें ती दाबावयाची. एका नळीवर बोटें फिरतात, बाकीच्या नळ्या आपापला एकच सूर अखंड धरून राहतात. आम्ही रमलेले पाहून बरोबरचा जर्मन सहकारी म्हणाला, "हें आवडलें ना? मग इन एक्स्ट्रेमो ऐका."

घरीं येऊन ऐकलें, आणि पहिल्याच मिनिटाला बंद केलें! विजेच्या गिटारींची गुरगुर, ढोलांचा भडिमार, आणि त्यावर तीच मशक, जणू वादळांत सांपडलेली. परंतु रात्रीं तो सूर कानांतून जाईना. दुसऱ्या दिवशीं पुन्हा लावलें आणि शेवटपर्यंत ऐकलें.

हा मेळ १९९५ सालीं बर्लिन येथें जमला. आरंभीं ही मंडळी असल्याच बाजारांतून नुसतीं जुनीं वाद्यें वाजवीत. १९९८ च्या 'वेक्ट डी टोटन!', म्हणजे 'मेलेल्यांना उठवा!', या संग्रहांत जुनीं वाद्यें आणि हेवी मेटल नांवाचें दणकट संगीत एकत्र आलें. २००८ सालीं त्यांचा 'झेंगरक्रीग' हा संग्रह जर्मनींतील खपाच्या यादींत पहिला आला. गाणीं मात्र पाहा कसलीं! मर्सेबुर्गच्या मंत्रांचेंच घ्या. बंदिवानाचे पाश सुटावे यासाठीं एक, घोड्याचा मुरगळलेला पाय बरा व्हावा यासाठीं दुसरा, असे हे दोन मंत्र दहाव्या शतकांत कोणीं लिहून ठेवले. ते १८४१ सालीं मर्सेबुर्गच्या ग्रंथालयांत सांपडले आणि पुढच्या वर्षीं याकोब ग्रिम यानें प्रसिद्ध केले. शब्द उरले होते. चाल उरली नव्हती. या मेळानें ते १९९९ व २००१ सालच्या संग्रहांत गाइले.

आतां हीं दोन टोकें जुळतात कशीं? आम्हांस वाटे, हा नुसता आडदांडपणा. परंतु विचार करतां निराळेंच दिसलें. त्या गिटारींचा आवाज मुद्दाम इतका फाडलेला असतो कीं, अनेक सूर एकत्र वाजविल्यास नुसता गोंधळ होतो. म्हणून वादक बहुधा षड्ज आणि पंचम हे दोनच सूर धरून ठेवतो. मशकेच्या धरलेल्या नळ्यांतही बहुधा षड्ज किंवा त्यासोबत पंचमच असतो. आपला तंबोराही तसाच लावतात! शिवाय मशकेला हळू वाजवितां येत नाहीं. ती उघड्या मैदानासाठीं झालेली आहे. गिटारींच्या गर्जनेपुढें ती दबत नाहीं.

आणखी एक गोष्ट कळली आणि आम्ही चकित झालों. ड्यूररनें १५१४ सालीं मशकवाल्याचें चित्र कोरलें, त्या काळीं हें वाद्य जर्मनींत गांवोगांव होतें. पुढें वाजविणारे गेले आणि शिकविणारेही गेले. आज बाजारांत वाजणारी ती मोठी मशक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पूर्व जर्मनींतील कारागिरांनीं जुन्या चित्रांच्या आधारें नव्यानें घडविली. चित्र पाहून वाद्य करावें लागलें, कारण गुरु उरला नव्हता.

आमच्या घरीं गुरु होता. बाबा सनई वाजवीत आणि काका शेजारीं बसून सूर धरीत. आम्ही आठवींत असतां स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांच्या स्वागतास फाटकापाशीं बाबांनाच बोलाविलें होतें. वर्गांत आम्हीं घरचा धंदा 'शेती' म्हणून सांगितला होता. मित्रांसह येतांना बाबा दिसले, तसे आम्ही वळलों आणि मागच्या भिंतीवरून आंत उतरलों. बाबांनीं पाहिलें होतें. ते कांहीं बोलले नाहींत. सनई तोंडांत होती. घरीं आल्यावरही बोलले नाहींत, आणि पुन्हा कधीं आम्हांस शिकावयास बसविलें नाहीं. त्यांना जाऊन आतां कैक वर्षें झालीं.

तें जर्मन गाणें आम्हीं काकांना पाठविलें आणि दूरध्वनि केला. काकांनीं गोंगाटाचा उल्लेखही केला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "यांचा सूर धरणारा कोठें बसला आहे रे?"

त्याच पिशवीला सुराच्या नळ्या असतात, एकच माणूस दोन्ही करतो, असें आम्हीं सांगितलें.

"म्हणजे माझी नोकरी गेली म्हणावयाची," असें म्हणून ते हंसले. मग आम्हीं भीतभीतच बाबांच्या सनईविषयीं विचारलें.

"आहे. पत्ती गेली आहे तिची. तूं मे महिन्यांत येशील ना? तोंवर मी नवी करून ठेवतों."